वनांची बाजू मांडणारे शास्त्रज्ञ आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त द्वारका येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने पन्नास वर्षे पुरी केली, या आनंदाच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याचा मान आम्हांस दिलात, याबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक आभारी आहोत. मंडळाची पहिली बैठक कोणाच्या तरी सरकारी क्वार्टरमध्ये, सतरंजीवर बसून झाली, असे वडीलधारे सांगतात. त्या वेळी द्वारका नावाचे उपनगर अस्तित्वात नव्हते. येथे शेते होती, जोहड होते, आणि पुढे ज्या योजनेतून ही वसाहत उभी राहिली तिला पप्पनकलां या जुन्या गावाचेच नाव होते. आज आपण सातव्या-आठव्या मजल्यावरून खाली पाहतो, तेव्हा ती शेते कोठे होती हे दाखवणारी एक खूणही सापडत नाही. पन्नास वर्षांत एखादी भूमी किती बदलू शकते हे द्वारकेच्या रहिवाशांना निराळे सांगावयास नको.

आजचा आमचा विषयही याच पन्नास वर्षांचा आहे. मंडळ आकार घेत होते त्याच सुमारास, १९७५ साली, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दोन मराठी शास्त्रज्ञांचा एक लेख प्रसिद्ध झाला. एक होते वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि दुसरे होते त्या वेळी तिशीत असलेले डॉ. माधव गाडगीळ. लेखाचा विषय होता देवराया. शास्त्रीय नियतकालिकातला लेख बहुधा निरीक्षणे नोंदवून थांबतो. या लेखाच्या शीर्षकातच मात्र विनंती होती: या राया पुढेही राखल्या जाव्यात. शास्त्रज्ञाने केवळ मोजमाप करावे की जे मोजले त्याची बाजूही घ्यावी, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याकडे सतत विचारला जात आहे. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या शास्त्रज्ञांवर नाही. गावापासून हजार-दीड हजार किलोमीटरवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचाही त्यात वाटा आहे, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून मोठा आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

देवराई म्हणजे काय हे येथील बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांचे बालपण दिल्लीत गेले त्यांच्यासाठी सांगतो. गावच्या देवतेच्या नावाने राखलेले ते रान. तेथील झाड तोडावयाचे नाही, कित्येक ठिकाणी वाळकी काटकीही उचलावयाची नाही, आणि अगदी नड पडलीच तर देवाला कौल लावल्याशिवाय कुऱ्हाड घालावयाची नाही. वर्तक आणि गाडगीळ या दोघांनी पायी हिंडून महाराष्ट्रातल्या दोनशेहून अधिक देवरायांची नोंद केली. भोवतालचे डोंगर उघडे पडलेले असताना या लहान लहान रायांत जुन्या अरण्याची झाडे आणि वेली टिकून आहेत, असे त्यांना आढळले.

या कामातली एक हकीकत फार बोलकी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाहून एक पत्र पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत आले. गावच्या देवराईतील झाडांवर तोडीच्या खुणा पडल्या होत्या, आणि आमची राई वाचवा, अशी विनंती गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांना केली होती. शास्त्रज्ञ गावात गेले. गावकरी त्यांना म्हणाले की, गावाला पाणी पुरवणारा ओढा या राईतून निघतो. राई गेली तर ओढा जाईल. त्या राईत गारंबीचा प्रचंड वेल होता, आणि त्याच्या बिया गुरांच्या औषधासाठी लांबलांबची माणसे घेऊन जात. शास्त्रज्ञांनी शब्द टाकला आणि राई वाचली. येथे ज्ञान कोणाचे आणि वकिली कोणाची, याचा विचार आपण करावा. ओढ्याचे ज्ञान गावकऱ्यांचे होते. शास्त्रज्ञांनी ते कचेरीत ऐकले जाईल अशा भाषेत मांडले.

ही हकीकत आम्ही प्रथम वाचली तेव्हा आमची मान खाली गेली. त्याचे कारण सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आमचे मूळ घर संगमेश्वर तालुक्यातले. घरामागे आमची वडिलोपार्जित वरकस जमीन, आणि तिच्यावर ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा यांचे दाट रान. सातबाऱ्यावर आम्हा तिघा भावांची आणि चुलत्यांची नावे. आम्ही तिघेही दिल्लीत नोकरीला. १९९४ साली घरावरची कौले बदलावयाची होती, चुलत्यांचे औषधपाणी होते, आणि एका ठेकेदाराने उभ्या झाडांचे एकरकमी पैसे देऊ केले. गावाहून कागद आले. आम्ही तिघांनी मुखत्यारपत्रावर सह्या केल्या आणि रजिस्टर टपालाने पाठवून दिल्या. त्या रविवारी आमच्यात त्याविषयी दहा मिनिटेसुद्धा बोलणे झाले नाही. दोन वर्षांनी मुलांना घेऊन मे महिन्यात घरी गेलो तेव्हा डोंगरावर खुंट आणि कोळशाच्या भट्ट्यांचे काळे डाग उरले होते. पूर्वी वैशाखापर्यंत वाहणारा वहाळ त्या वर्षी शिमग्यातच आटला होता. शेजारच्या वाडीतील एक वृद्ध आजी कळशी घेऊन उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सही दिल्लीवरनं आली, बाबू, आणि पाणी हितनं गेलं."

मंडळी, ते वाक्य आम्ही गेली कित्येक वर्षे उराशी बाळगून आहोत. पुढे द्वारकेत राहावयास आल्यावर सकाळी टँकरच्या रांगेत बादल्या घेऊन उभे राहण्याची पाळी आमच्यावरही आली. त्या रांगेत आम्हांस दर वेळी त्या आजी दिसत.

आता थोडे गावाबाहेर जाऊ. सह्याद्रीच रांगेने दक्षिणेकडे केरळापर्यंत जातो, आणि शास्त्रज्ञांच्या वकिलीची सर्वांत गाजलेली लढाई तेथेच झाली. पालघाट जिल्ह्यातील सायलेंट व्हॅली या सदाहरित अरण्यात कुंतीपुळा नदीवर जलविद्युत् प्रकल्प उभारावयाचा होता. १९७३ मध्ये नियोजन आयोगाने त्याला संमती दिली होती. सिंहपुच्छ माकडाचे हे एक महत्त्वाचे निवासस्थान. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांच्यासारख्यांनी प्रकल्पाविरुद्ध आवाज उठवला. पण आमच्या मते खरा पालट घडवला तो केरळ शास्त्रसाहित्य परिषदेने. तिने जीवशास्त्रज्ञ, अभियंते आणि अर्थशास्त्रज्ञ यांना एकत्र बसवून प्रकल्पाचा हिशेब मांडला. किती वीज मिळणार, ती कोणाला मिळणार, अन्य मार्गांनी ती मिळेल काय, हे सारे तिने तपासले. आणि मुख्य म्हणजे हा हिशेब मलयाळम भाषेत गावोगाव नेला. पुढे प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्यातही डॉ. गाडगीळ होते. अखेरीस प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ मध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले.

याच काळात शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात बांबूचा प्रश्न उभा राहिला होता. कागदाच्या गिरणीला बांबू नाममात्र दराने मिळत होता आणि बांबूची बेटे झपाट्याने खालावत होती. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जे जाळे असते ते तोडणी सोपी व्हावी म्हणून साफ करण्याची पद्धत होती. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, काटे काढले की कोवळे कोंब गुरांच्या आणि रानजनावरांच्या तोंडी लागतात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणे घेतली, तेव्हा गावकऱ्यांचेच खरे ठरले. गाणीचा धडा येथे पुन्हा गिरवला गेला. आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे शास्त्रज्ञाच्या शब्दाला वजन येते ते दोन गोष्टींनी. आधी त्याने ऐकलेले असावे, आणि मग जे सांगावयाचे ते ज्यांच्या आयुष्याशी निगडित आहे त्यांच्या भाषेत सांगितलेले असावे.

यातली दुसरी गोष्ट राहून गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण मात्र आपल्या या दिल्ली शहरात घडले. मार्च २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डॉ. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसरशास्त्र तज्ज्ञ गट नेमला. डॉ. व्ही. एस. विजयन, डॉ. रामन सुकुमार, डॉ. रेनी बोर्जेस यांसारखे जाणकार त्यात होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या आपल्या दोन जिल्ह्यांचा प्रश्न त्या गटाकडे मुद्दाम सोपवला होता. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल मंत्रालयाला सादर झाला, आणि तेथेच राहिला. केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली तो मागितला. केंद्रीय माहिती आयोगाने तो द्यावा असे सांगितले. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथेही निकाल अहवाल खुला करण्याच्या बाजूने लागला. मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. ज्या गावांविषयी तो लिहिला होता त्या गावांनी तो वाचण्यापूर्वी नऊ महिने गेले होते. आणि जो आला तो इंग्रजीत.

अहवालात काय होते? सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचा सारा घाटप्रदेश संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर सुचवले होते. सर्वांत नाजूक स्तरात नव्या खाणी नकोत, मोठी धरणे नकोत. नवी गिरिस्थाने कोठेच नकोत. पण त्याचबरोबर असेही म्हटले होते की, हे स्तर तात्पुरते आहेत, आणि अंतिम सीमा ग्रामसभांशी विचारविनिमय करून ठरवाव्यात. हे दुसरे वाक्य गावापर्यंत पोहोचले नाही. पोहोचली ती अफवा. घर बांधता येणार नाही, झाड लावता येणार नाही, गुरे चारता येणार नाहीत, असे लोकांना सांगितले गेले. कोकणातला शेतकरी घाबरला, आणि तो घाबरला यात त्याचा दोष नव्हता. ज्याच्या हाती कागद पडलेला नाही त्याने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवावा यात नवल ते काय?

पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला गेला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. त्यावरून ५६,८२५ चौरस किलोमीटरच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला. तो २०१४ ते २०२४ या काळात पुन्हा पुन्हा काढावा लागला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. आदल्याच दिवशी, ३० जुलैला, केरळातील वायनाड जिल्ह्यात डोंगर कोसळून गावेच्या गावे गाडली गेली होती. आणि त्याच्या बरोबर दहा वर्षे आधी, ३० जुलै २०१४ रोजी, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गेले होते आणि दीडशेवर माणसे दगावली होती.

येथे आम्ही एक सावधगिरीचा शब्द बोलू इच्छितो. प्रत्येक दरड वृक्षतोडीनेच कोसळते असे कोणी म्हटले तर ते शास्त्र नव्हे. उभा उतार, कुजलेल्या खडकावरची माती, थोड्या तासांत कोसळणारा पाऊस, आणि मग माणसाने केलेली खोदाई, सपाटीकरण, वृक्षतोड, अशी अनेक कारणे एकत्र येतात. आमचा वहाळ आटला त्यालाही तोडीखेरीज अन्य कारणे असू शकतील. जो शास्त्रज्ञ आपल्या म्हणण्याची मर्यादा स्वतःहून सांगतो त्याचेच म्हणणे अधिक विश्वासार्ह असते. परंतु कारणे अनेक असली तरी त्यांतील जे कारण आपल्या हाती आहे ते तरी वाढवू नये, एवढे शहाणपण आपल्याला निश्चित परवडते.

आता कोणी म्हणेल, जंगल राखा असे सांगणे सोपे. शेतकऱ्याच्या घरावर कौले कोणी घालावयाची? हा प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही तो आमच्याच अनुभवाने जाणतो. कोकणातले पुष्कळसे रान सरकारी नाही, खाजगी मालकीचे आहे. म्हणून पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने, डॉ. अर्चना गोडबोले आणि जयंत सरनाईक यांच्या पुढाकाराने, आमच्याच संगमेश्वर तालुक्यात वेगळा मार्ग धरला. रान राखण्याबद्दल मालकांशी करार करावयाचे आणि त्यांना मोबदला द्यावयाचा. हिरडा आणि बेहडा यांची फळे झाडाला इजा न करता गोळा करून योग्य दराने विकली जावीत, अशीही खटपट या संस्थेने केली. बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी आत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून फळे आणून भरवतो. झाड उभे राहण्यात मालकाचाही लाभ, आणि धनेशाच्या संसारालाही आसरा. असे गणित मांडता येते, हे पाहून आम्हांस मोठा दिलासा वाटला आणि थोडी खंतही. १९९४ साली हे गणित आम्हांस कोणी सांगितले नव्हते. पण आम्ही कोणाला विचारलेही नव्हते.

घाटातले अजून किती आपल्याला अज्ञात आहे, याचाही एक दाखला देतो. आंबोली येथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी देवाचे कुंड आहे. शेकडो वर्षे भाविक तेथे जात आले. त्या कुंडातल्या एका लहानशा माशाची जात शास्त्राला नवी आहे, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तिला नदीचेच नाव मिळाले: शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा टिकला तो देवाच्या कुंडात. त्याला नाव दिले ते शास्त्राने. श्रद्धा आणि शास्त्र यांचे भांडणच असले पाहिजे, असे नाही.

दिल्लीकरांनी हेही लक्षात घ्यावे की मोडलेले रान पुन्हा उभे करण्याचे काम आपल्या जवळच झालेले आहे. वसंत विहारशेजारी, जुन्या खाणींच्या खड्ड्यांवर, दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली अरावली जैवविविधता उद्यान उभे राहिले. मंडळाची एखादी सहल तेथे अवश्य न्यावी. पण ते पाहताना एक गोष्ट मुलांना समजावून सांगावी: असे रान उभे करावयास शास्त्रज्ञ, रोपवाटिका, पैसा आणि दीर्घ वर्षे लागतात, आहे ते राखावयास पुष्कळदा एक सही न करणे पुरते.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. आपल्यापैकी अनेकांची नावे कोकणातल्या, मावळातल्या, कोल्हापूर-साताऱ्याच्या घाटमाथ्यावरच्या सातबाऱ्यांवर आहेत. जमिनीचा किंवा झाडांचा कागद सहीसाठी आला तर ती सही करण्यापूर्वी गावी फोन करावा, आणि केवळ भावाला नव्हे, त्या पाण्यावर जगणाऱ्या वाडीलाही विचारावे. त्या रानात काय आहे हे जाणणाऱ्या अभ्यासकाला एकदा दाखवावे. सुटीत गावी गेल्यावर ग्रामसभेत जाऊन बसावे. आपल्यातले पुष्कळजण सरकारी मसुदे वाचण्यात हयात घालवलेले आहेत. असा एखादा मसुदा आपल्या तालुक्याविषयी निघाला, तर त्याचा सोपा मराठी सारांश करून हरकतींची मुदत संपण्यापूर्वी गावाला पाठवावा. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने करावी अशी याहून चांगली देशसेवा आम्हांस सुचत नाही. डॉ. गाडगीळांचे आत्मकथन २०२३ मध्ये इंग्रजीबरोबर मराठीतही निघाले. ते मंडळाच्या ग्रंथालयात असावे, आणि कपाटात न राहता घरोघर फिरावे.

आमच्या डोंगरावर आता खुंटांना धुमारे फुटले आहेत. ऐन आणि किंजळ पुन्हा मांडीएवढे झाले आहेत. गेल्या वर्षी पुन्हा एक ठेकेदार आला होता. गावाहून कागद आले. या वेळी आम्ही भाऊ, वहिनी, मुले, सुना असे सारे द्वारकेच्या घरी एकत्र बसलो आणि दोन तास बोललो. कौलांसाठी वर्गणी काढली. कागद तसाच परत पाठवला. वहाळ अजून वैशाखापर्यंत पोहोचलेला नाही. चैत्राच्या अखेरीपर्यंत मात्र तो वाहतो, असे पुतण्याने कळवले आहे. त्या आजी हे पाहावयास राहिल्या नाहीत.

मंडळाची पुढची पन्नास वर्षे अशीच भरभराटीची जावोत, आणि शतकमहोत्सवाला येथे जमणाऱ्या आपल्या नातवंडांना गावच्या रानाची ओळख केवळ अशा व्याख्यानातून होण्याची वेळ न येवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.